पहिल्या पानावर कोणता आकडा? महाराष्ट्राच्या प्रगतिपुस्तकाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

२०२४च्या पावसाळ्यात एका प्रशिक्षण संस्थेनं आमच्या चौघांकडे एक काम सोपवलं. डिसेंबरात ग्रामपंचायत सदस्य आणि बचत गटांच्या प्रतिनिधींचं निवासी शिबिर भरणार होतं. तिथं वाटायला चोवीस पानांची पुस्तिका हवी होती. विषय एका ओळीचा: देशाच्या तुलनेत आपलं राज्य कुठे आहे? गटात एक निवृत्त सांख्यिकी अधिकारी होते, त्यांना सगळे सरच म्हणतात. एक गणिताच्या शिक्षिका, संस्थेचा तरुण समन्वयक आणि लिहायचं काम माझ्याकडे. संस्थेचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम घेत नाही. त्यानं प्रकरणात काही फरक पडत नाही.

काम हाती आलं तेव्हा मुखपृष्ठ छापून झालेलं होतं. छापखान्यात दुसऱ्या कामासोबत स्वस्तात होतंय म्हणून संस्थेनं आधीच उरकून घेतलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरात होतं: ‘महाराष्ट्र – देशात पहिला’. आतला मजकूर आम्ही लिहायचा, आणि तो मुखपृष्ठाशी जुळला पाहिजे, अशी न बोललेली अट.

अट अवघड वाटली नाही. एकूण उत्पन्नात महाराष्ट्र खरोखरच पहिला आहे. पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेनं सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यांच्या १९६०-६१ पासूनच्या आर्थिक वाटचालीवर एक शोधनिबंध काढला. त्यानुसार २०२३-२४ मध्ये देशाच्या उत्पन्नात महाराष्ट्राचा वाटा १३.३ टक्के होता आणि दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या १५०.७ टक्के. २०११च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत आपला वाटा ९.२८ टक्के. म्हणजे डोकी नऊ टक्के आणि उत्पन्न तेरा टक्के. पहिल्या मसुद्याचं पहिलं पान इथेच संपलं होतं आणि आम्ही चौघंही खूश होतो.

पेच कुठे आला

मसुदा छापण्याआधी शिबिराला येणाऱ्यांपैकी आठ-दहा जणांना वाचून दाखवावा, ही शिक्षिकाबाईंची सूचना. ती ऐकली हे बरं झालं. त्या बैठकीत एका आदिवासी तालुक्यातल्या अंगणवाडी पर्यवेक्षिका आल्या होत्या. दरडोई उत्पन्नाचा आकडा मी वाचला: २०२२-२३ मध्ये महाराष्ट्र २,५२,३८९ रुपये, देश १,६९,४९६ रुपये. ताईंनी वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडलं आणि म्हणाल्या, “सर, हे वर्षाचं ना? बाराने भागलं तर माणशी एकवीस हजार. माझ्या घरात पाच माणसं. म्हणजे महिन्याला लाख रुपये. हे कोणाच्या घरात येतात तेवढं सांगा, मी त्यांच्याकडे राहायला जाते.”

हशा झाला. पण उत्तर कोणाकडेच नव्हतं, आणि त्या दिवशी सरांनी दिलेलं उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक असूनही कोणाला पटलं नाही. त्यांनी सांगितलं की राज्य उत्पन्न म्हणजे राज्याच्या हद्दीत निर्माण झालेलं मूल्य. त्यात पगार आणि मजुरी येते, शेतकऱ्याचं उत्पन्न येतं, तसाच कंपन्यांचा नफा, भाडं आणि व्याजही येतं. मुंबईतल्या व्यवहारांतून बँकेला होणारा नफा महाराष्ट्राच्या खात्यात मोजला जातो. तिचा भागधारक कोलकात्यात असो की लंडनमध्ये, त्यानं हिशेब बदलत नाही. मग त्या सगळ्याला राज्याच्या लोकसंख्येनं भागायचं. उत्तर येतं ते दरडोई उत्पन्न. ते कोणाच्याही खिशातलं उत्पन्न नसतं.

“मग खिशातलं कुठे लिहिलंय?” ताईंनी विचारलं. त्या एका प्रश्नानं पुस्तिका लांबली.

उत्पन्न आणि खर्च

खिशातलं उत्पन्न आपल्या देशात नियमितपणे मोजलं जात नाही, त्यामुळे घरखर्च हा त्यातल्या त्यात जवळचा आकडा. सुदैवानं त्याच वर्षाचा, २०२२-२३चा, कौटुंबिक उपभोग खर्चाचा अहवाल अकरा वर्षांच्या खंडानंतर नुकताच आला होता. त्यात महाराष्ट्राचा माणशी मासिक खर्च ग्रामीण भागात ४,०१० रुपये आणि शहरी भागात ६,६५७ रुपये निघाला. देशाचा अनुक्रमे ३,७७३ आणि ६,४५९.

हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि आम्ही बराच वेळ गप्प बसलो. उत्पन्नात देशाच्या दीडपट असलेलं राज्य ग्रामीण खर्चात जेमतेम सहा टक्क्यांनी पुढे आणि शहरी खर्चात तीन टक्क्यांनी. तमिळनाडूत हेच आकडे ५,३१० आणि ७,६३० होते, केरळात ५,९२४ आणि ७,०७८. दरडोई उत्पन्नात केरळ आपल्या आसपासच आहे; तरी तिथलं खेड्यातलं माणूस आपल्या खेड्यातल्या माणसापेक्षा महिन्याला एकोणीसशे रुपये जास्त खर्च करतं. केरळात परदेशातून येणारा पैसा घरात येतो, राज्य उत्पन्नात तो धरलेला नसतो. आपल्याकडे त्याच्या अगदी उलट, राज्यात निर्माण झालेल्या उत्पन्नाचा मोठा भाग घरांपर्यंत पोचतच नाही. हे माझं स्पष्टीकरण. सरांना ते अपुरं वाटतं. श्रीमंत घरं सर्वेक्षकाला दार उघडत नाहीत आणि खर्च कमी सांगतात, बचतही खर्चात येत नाही, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही कारणं असणार.

इथे शिक्षिकाबाईंनी एक चूक होता होता वाचवली. ग्रामीण सहा टक्के आणि शहरी तीन टक्के, म्हणून सरासरी साडेचार टक्के, असं मी लिहून मोकळा झालो होतो. पण महाराष्ट्राची ४५ टक्के लोकसंख्या शहरात राहते आणि देशाची ३१ टक्के. २०११चं तेच प्रमाण धरून दोन्हींची सरासरी काढली तर महाराष्ट्र साधारण ५,२०० रुपये आणि देश ४,६०० रुपये येतो. फरक तेरा टक्क्यांचा. म्हणजे आपली आघाडी मुख्यतः जास्त माणसं शहरात असण्यातून येते. खेडं खेड्याशी आणि शहर शहराशी तोलून पाहिलं तर ती विरघळते. ही ओळ पुस्तिकेत ठेवायची की नाही यावर पुन्हा वाद झाला. समन्वयकाचं म्हणणं, वाचणारा गोंधळेल. ठेवली. शिबिरात सर्वांत जास्त प्रश्न याच ओळीवर आले, म्हणजे त्याचंही बरोबर होतं.

मुलांचे आकडे

आरोग्याच्या पानाकडे येईपर्यंत मला वाटत होतं की इथे तरी सरळ चित्र असेल. नमुना नोंदणी पद्धतीच्या, म्हणजे जन्म-मृत्यूंच्या सरकारी नमुना पाहणीच्या, २०२०च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ अर्भकमृत्यू, देशात २८. मातामृत्यूंचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे ३३, देशात ९७. आपल्या पुढे फक्त केरळ, १९ वर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत आपल्याकडे ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात असं दिसलं, देशात ८८.६ टक्के. हे यश खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही.

त्याच सर्वेक्षणाच्या पुढच्या पानावर मात्र पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन आणि उंची आहे. कमी वजनाची मुलं महाराष्ट्रात ३६.१ टक्के, देशात ३२.१. लुकडी मुलं, म्हणजे उंचीच्या मानानं वजन कमी असलेली, आपल्याकडे २५.६ टक्के आणि देशात १९.३. तीव्र लुकडेपणा आपल्याकडे १०.९ टक्के, देशात ७.७. बुटकेपणात आपण देशाच्या बरोबरीला: ३५.२ आणि ३५.५. दीडपट उत्पन्नाचं राज्य मुलांच्या वजनात देशाच्या मागे.

पहिली प्रतिक्रिया आकडा चुकला असेल अशीच झाली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. समन्वयकानं एक मुद्दा काढला: महाराष्ट्रातलं क्षेत्रकाम जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झालं, म्हणजे त्यात ऐन पावसाळा आला. आदिवासी भागात पावसाळ्यात घरातलं धान्य सरतं, मजुरी मिळत नाही, जुलाबाचे आजार वाढतात. मुलांची वजनं उतरतात. मुद्दा रास्त होता. पण चौथ्या फेरीतही लुकडेपणाचा आकडा २५.६ टक्केच होता आणि कमी वजनाचा ३६.०. चार वर्षांत एका दशांशाहून जास्त फरक नाही. त्याच काळात देशाचं कमी वजनाचं प्रमाण ३५.८ वरून ३२.१ वर आलं. आपण होतो तिथेच राहिलो आणि देश आपल्या पुढे निघून गेला. पावसाळ्यानं फार तर आकड्याची पातळी समजावता येईल. ही थबकलेली रेघ त्यातून समजावता येत नाही.

पर्यवेक्षिका ताईंना हा आकडा दाखवला तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांचं म्हणणं असं: पूर्वी जे मूल दगावायचं ते आता वाचतं, कारण गाडी येते, दवाखाना आहे, नवजात बाळांचा कक्ष आहे. पण वाचलेलं मूल घरी परत जातं ते त्याच चुलीपाशी. आईचं लग्न सोळाव्या वर्षी झालेलं, पहिल्या बाळाच्या वेळी तिचंच वजन अडतीस किलो. यातल्या लग्नाच्या वयाला आकड्यांचा आधार सापडला. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के आहे, देशात २३.३. राज्य म्हणून आपण किंचित बरे. पण परभणी आणि बीडमध्ये ते चाळीस टक्क्यांच्या वर आहे, आणि बीडमधून दर वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांचा ‘कोयता’ (मजुरीला नवरा-बायकोची जोडी एकच धरतात ती) पाहिला असेल त्याला कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

अर्भकमृत्यूच्या आकड्याचाही एक उपप्रश्न होता. नमुना नोंदणीत १६ आहे, कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २३.२. कोणता घ्यायचा? सरांनी समजावलं की दुसरा आकडा सर्वेक्षणाआधीच्या पाच वर्षांची सरासरी सांगतो आणि छोट्या नमुन्यावरचा असतो. पहिला एका वर्षाचा असतो. मृत्यूंसाठी नमुना नोंदणी आणि वजन-उंचीसाठी कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, असं ठरलं. महाराष्ट्रासाठी एक स्रोत आणि देशासाठी दुसरा, असं मात्र कुठेही करायचं नाही. हा नियम आम्ही भिंतीवर लिहून लावला होता. तो पुढे आम्हीच मोडला, ते खाली येईलच.

कोणाशी तुलना करायची

देशाची सरासरी हा सोयीचा गज आहे. त्यात एक गंमत अशी की देशाच्या सरासरीत महाराष्ट्र स्वतःही बसलेला आहे. मला वाटलं, आपल्याला वगळून उरलेल्या देशाशी तुलना केली तर चित्र अधिक प्रामाणिक होईल. सरांनी पाच मिनिटांत गणित करून दाखवलं: महाराष्ट्र काढला की उरलेल्या देशाची सरासरी खाली येते आणि आपलं दरडोई उत्पन्न १५१ ऐवजी जवळपास १५९ टक्के दिसतं. प्रामाणिकपणा करायला गेलो आणि आपलीच पाठ आणखी थोपटली गेली. तो पर्याय तिथेच सोडला.

दुसरा पर्याय बरोबरीच्या राज्यांशी तुलनेचा. देशाच्या सरासरीत उत्तर प्रदेश आणि बिहार यांची मिळून मोठी लोकसंख्या आहे. त्या शोधनिबंधात बिहारचं दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच दिसतं. या सरासरीच्या पुढे असणं महाराष्ट्राला शोभेशी कसोटी नव्हे. बरोबरीची राज्यं म्हणजे तमिळनाडू, कर्नाटक, तेलंगणा, गुजरात, हरियाणा, केरळ. यांच्या शेजारी उभं केलं की उत्पन्नातला ‘पहिला’ विरतो. २०२२-२३ मध्ये तेलंगणाचं दरडोई उत्पन्न ३,११,६४९ रुपये होतं, कर्नाटकचं ३,०४,४७४, हरियाणाचं २,९६,५९२. महाराष्ट्राचं, वर आलंच आहे, २,५२,३८९. देशाच्या उत्पन्नातला आपला वाटाही एके काळी पंधरा टक्क्यांच्या वर गेला होता, तो १३.३ वर आला आहे. आकारानं मोठं असणं आणि माणशी श्रीमंत असणं यात मुखपृष्ठानं गल्लत केली होती.

गरिबीच्या पानावर मात्र कोणाशी तुलना करता यावर निकाल पूर्ण पालटतो. नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांचे बारा निकष आहेत. २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातलं गरिबांचं प्रमाण १४.८० टक्क्यांवरून ७.८१ टक्क्यांवर आलं, देशातलं २४.८५ वरून १४.९६ वर. देशाच्या निम्म्यानं गरिबी, हे मोठंच काम. पण कर्नाटक ७.५८ वर होतं, तेलंगणा ५.८८ वर, तमिळनाडू २.२० वर आणि केरळ ०.५५ वर. गुजरात ११.६६ वर, म्हणजे आपल्या मागे. देशाशी तुलना केली तर अभिमान वाटतो. तमिळनाडूशी केली की मान खाली जाते. दोन्ही वाक्यं खरी आहेत.

आम्ही तीन रकाने ठरवले: महाराष्ट्र, भारत, आणि तमिळनाडू. तमिळनाडूच का, तर तेही मोठं, औद्योगिक, निम्मं शहरी झालेलं राज्य, आणि उत्पन्नात फार दूर नाही. केरळ घेतलं असतं तर ‘तिथली गोष्टच वेगळी’ असं म्हणून वाचणारा पान उलटतो.

जिल्हे दाखवायचे का

खरी रस्सीखेच इथे झाली. संस्थेच्या एका विश्वस्तांना जिल्ह्यांचे आकडे नको होते. म्हणाले, “विदर्भ-मराठवाडा सुरू झालं की शिबिर संपलं.” ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते. प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये ३,१८६.७८ कोटी रुपयांचा विकासाचा अनुशेष मांडला, तेव्हापासून हा विषय आकडेवारीचा कमी आणि जखमेचा जास्त झाला आहे. घटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी तीन वैधानिक विकास मंडळं आली, एप्रिल २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. त्याच विषयावरच्या केळकर समितीचा अहवाल २०१३चा. प्रत्येक प्रदेशाकडे आपापला आकडा तयार असतो.

पण जिल्हे वगळायचे तर राज्याच्या सरासरीत काय दडतं तेही वगळावं लागतं. मुंबई, ठाणे, पुणे वर. नंदुरबार, वाशिम, गडचिरोली, हिंगोली खाली. २०१५-१६ मध्ये राज्यात पंधरा टक्के माणसं बहुआयामी गरीब होती तेव्हा नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक होती. तिथली निम्म्याहून अधिक लहान मुलं पाचव्या फेरीतही कमी वजनाची निघाली. केंद्र सरकारच्या २०१८च्या आकांक्षित, म्हणजे मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत: नंदुरबार, वाशिम, धाराशिव आणि गडचिरोली. या माणसांना ‘तुम्ही देशात पहिले’ असं छापून देणं मला तरी जमणार नव्हतं.

तडजोड शिक्षिकाबाईंनी सुचवली. प्रदेश दाखवायचेच नाहीत. जिल्हे दाखवायचे, पण उत्पन्नावर नाही. मुलांचं वजन, मुलींचं लग्नाचं वय आणि बहुआयामी गरिबी या तीनच गोष्टींवर. जिल्हा उत्पन्नाचा आकडा तसाही ठिसूळ असतो, कारण बँका, रेल्वे, दूरसंचार यांचं उत्पन्न गणितानं वाटून दिलेलं असतं. आणि मुंबई वरच्या टोकाला दिसली तरी २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या झोपडपट्टीत होती, हेही त्याच पानावर लिहायचं. त्यामुळे ‘ते लुटतात, आम्ही लुटले जातो’ या चालीवर पान वाचता येणार नाही, असा तिचा हिशेब. विश्वस्त तयार झाले. मनापासून नव्हे.

एकच गुण

मधल्या काळात एक मोह होता: सगळं एका गुणात बसवायचा. नीती आयोगाच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या २०२३-२४च्या निर्देशांकात महाराष्ट्राला शंभरपैकी ७३ आणि देशाला ७१ आहेत. छापायला सोपं, वादही नाही. पण सोळा-सतरा विषयांचे गुण एकत्र केले की चांगलं-वाईट एकमेकांना खाऊन टाकतं आणि सगळे सत्तरीच्या घरात येऊन बसतात. प्रगतिपुस्तकात मुलाला गणितात पस्तीस आणि चित्रकलेत नव्वद असतील तर बाप सरासरी पाहत नाही. आम्ही तो गुण दिला, शेवटच्या पानावर, एका ओळीत.

काय केलं

ऑक्टोबरच्या मध्यावर मजकूर तयार झाला आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. समन्वयकाला ठरल्याप्रमाणे छापून मोकळं व्हायचं होतं. मला भीती वेगळी होती: पुस्तिकेतलं एक वाक्य एका बाजूच्या प्रचारात जाईल, दुसरं दुसऱ्या बाजूच्या. निकाल २३ नोव्हेंबरला होता, शिबिर डिसेंबरात. थांबायचं ठरवलं. छापखान्याचा सवलतीचा दर हुकला आणि संस्थेनं ते आम्हाला दोनदा ऐकवलं.

मुखपृष्ठ बदललं. नव्यावर शीर्षक प्रश्नार्थक आहे आणि खाली तीन ओळी: एकूण उत्पन्नात पहिला, खेड्यातल्या घरखर्चात देशाच्या जवळपास, मुलांच्या वजनात देशाच्या मागे. विश्वस्तांनी तिसरी ओळ आतल्या पानावर न्यायला सांगितलं. सर एरवी कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, “मग पहिलीही आत न्या.” तिन्ही बाहेर राहिल्या.

काय झालं

शिबिरात पुस्तिका वाचली गेली, निदान जिल्ह्यांचं पान तरी. प्रत्येकानं आधी आपला जिल्हा शोधला आणि मग शेजारचा. भांडण झालं नाही. त्याऐवजी आम्ही ज्याची तयारीच केली नव्हती तो प्रश्न आला: आमच्या गावाचा आकडा कुठे आहे? सर्वेक्षणं जिल्ह्याच्या खाली जात नाहीत. गावपातळीवर असतं ते अंगणवाडीचं वजनाचं रजिस्टर आणि आता पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप; त्यातले आकडे सर्वेक्षणाशी जुळत नाहीत, बहुधा बरेच कमी निघतात. पर्यवेक्षिका ताई उठून म्हणाल्या, वजनकाटा बिघडलेला असतो, मूल त्या दिवशी मामाकडे गेलेलं असतं, आणि तीव्र कुपोषित मूल लिहिलं की वरून चौकशी येते. सभागृहात बसलेल्या सरपंचांपैकी काहींनी हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्या दुपारचं ठरलेलं सत्र रद्द करून गावात वजन कसं आणि कोणासमोर घ्यायचं यावरच बोलणं झालं.

चूकही सापडली. राज्यसेवेची तयारी करणारा एक तरुण सदस्य जेवणाच्या सुट्टीत पुस्तिका घेऊन आला. साक्षरतेच्या तक्त्यात महाराष्ट्र ८२.३ टक्के आणि देश ७४.० टक्के छापलं होतं. २०११च्या जनगणनेचा आपला अंतिम आकडा ८२.३४ आणि देशाचा हंगामी आकडा ७४.०४; देशाचा अंतिम आकडा ७३च्या आसपास आहे. भिंतीवरचा नियम आम्हीच मोडला होता: एका बाजूला अंतिम, दुसऱ्या बाजूला हंगामी. त्या पोरानं हे दोन्ही पाठ केले होते, आम्ही चौघांनी नाही. चूक महाराष्ट्राच्या विरोधात गेली होती, म्हणून कदाचित कोणाच्या डोळ्यांत खुपली नाही. सर दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या कापून प्रत्येक प्रतीत घातल्या.

आणि आठवड्याभरानं आमच्याच पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचा फोटो एका व्हॉट्सॲप गटावर फिरत आला. खालच्या दोन ओळी कापलेल्या होत्या.

पुन्हा करायचं झालं तर

घरखर्चाचा आकडा पहिल्या दिवशी काढायला हवा होता. आम्ही तो काढला कारण एका बाईंनी पाचाने गुणलं. सांख्यिकी जाणणारा एक माणूस आणि गणित शिकवणारा एक माणूस गटात असताना हे आम्हाला सुचलं नाही, कारण दरडोई हा शब्द आम्ही इतका वापरला होता की त्यात डोई म्हणजे कोणाची डोई हे विचारायचंच राहून गेलं.

मुलांच्या वजनाबाबत आम्ही कमी पडलो असं मला वाटतं. २००५ मध्ये महाराष्ट्रानं राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केलं, देशात असं पहिलं. मग पंधरा वर्षांत आकडा का हलला नाही, यावर पुस्तिकेत एक परिच्छेद हवा होता. आम्ही फक्त आकडा देऊन पुढे गेलो. जागा नव्हती असं तेव्हा म्हणालो. जागा शाश्वत उद्दिष्टांच्या ओळीत आणि नकाशांत गेली होती.

तमिळनाडूचा रकाना ठेवणं बरोबर होतं, पण सरांना अजूनही वाटतं की गुजरातही हवं होतं, कारण ते आपल्यासारखंच उत्पन्नात पुढे आणि पोषणात मागे असलेलं राज्य आहे आणि त्या तुलनेतून कारणं अधिक कळली असती. मला वाटतं गुजरात आलं असतं तर चर्चा लगेच राजकारणावर गेली असती. यावर आमचं एकमत नाही आणि दुसऱ्या आवृत्तीतही होईलसं दिसत नाही.

दुसऱ्या आवृत्तीचं काम आता सुरू आहे. कच्चं गणित करायला कागद भरपूर आहेत: ‘देशात पहिला’ छापलेली ती जुनी मुखपृष्ठं संस्थेत गठ्ठ्यानं पडून होती, त्यांची मागची बाजू कोरी आहे.